विचारा घराबद्दल : बाहेरच्या भिंतीतली मोठी फट

या वेळच्या टपालात खिडक्या, पाइप आणि भेगा यांचीच गर्दी आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि ही सगळी जागा फटींना दिली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण ते सगळ्यांनी वाचावं. पुढची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

ताई, नमस्कार. आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या एका उभ्या बाजूला चौकट आणि भिंत यांच्यात मोठी फट राहिली आहे. वरच्या टोकाला दोन सेंटिमीटर, खाली अडीच. बोट सहज आत जातं. मागच्या वर्षी मी स्वतः ती बाहेरून सिलिकॉनने भरली. आतपर्यंत भरली जावी म्हणून गन चालवत राहिलो, १.२ मीटर उंचीला पाच नळ्या संपल्या. आता ते भिंतीच्या बाजूने सुटलंय आणि मधे चिरलंयसुद्धा. तिरका पाऊस आला की आत ओल येते. माल हलका निघाला का? दुसरं कोणतं सिलिकॉन घेऊ?

माल चांगला असता तरी हेच झालं असतं. तुम्ही फट भरलीत, आणि सिलिकॉन काय किंवा दुसरं कोणतंही सीलंट (सांधा बंद करणारा लवचिक माल) काय, ते भरण्यासाठी नसतंच. दोन हलणाऱ्या काठांच्या मधे ताणून बसवलेला तो एक पातळ पडदा असतो. एवढं मनात पक्कं झालं की पुढचं सगळं काम आपोआप नीट होतं.

काठ हलतात म्हणजे किती? अ‍ॅल्युमिनियमची तीन मीटरची पट्टी घ्या. तापमान ४० अंशांनी वाढलं की ती साधारण पावणेतीन मिलिमीटर लांबते. तेवढ्याच लांबीचं काँक्रीट त्याच उन्हात जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबतं. हा दीड मिलिमीटरचा फरक सांध्यालाच सोसावा लागतो, आणि तोही रोज, ऊन चढलं-उतरलं की. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, चौकट असेल तर ती अ‍ॅल्युमिनियमच्या अडीच-तीन पट लांबते.

आता तुमचा पाच नळ्यांचा, साधारण पंचावन्न मिलिमीटर जाडीचा ठोकळा बघा. तो चौकटीला चिकटला, भिंतीला चिकटला आणि फटीच्या तळालाही चिकटला. केसांना बांधायचं रबर ताणलं जातं. खोडरबर ताणायला गेलात तर तुटतं. तिन्ही बाजूंनी चिकटलेल्या जाड थराला ताणायला मोकळीक मिळत नाही. मग तो स्वतः मधून फाटतो किंवा जिथे पकड कच्ची आहे तिथून सुटतो. तुमच्याकडे दोन्ही झालं. शिवाय सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जातं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर, आणि वाळलेला थर जाड होत गेला की तो वेगही मंदावतो. इतक्या खोल थराचा गाभा फार काळ मऊच राहतो. कापून काढाल तेव्हा आत बोट लावून बघा.

उपाय म्हणजे बॅकर रॉड. फोमची लांब, गोल दोरी असते ती, पॉलिथिलीनची. फटीच्या रुंदीपेक्षा साधारण पाव पट जाड घ्यायची, म्हणजे ती दाबून बसते आणि घसरत नाही. दोन सेंटिमीटरच्या फटीला २५ मि.मी.ची, अडीच सेंटिमीटरच्या भागाला ३० मि.मी.ची. तुमची फट वरून खाली रुंदावत जाते, तेव्हा दोन जाडीच्या दोऱ्या लागतील. मधे जिथे एक संपते तिथे दुसरी घट्ट टेकवा. सीलंट या फोमला चिकटत नाही. त्यामुळे पकड फक्त दोन्ही काठांवर राहते आणि मधला पडदा मोकळा होतो. दोरी सीलंटची खोलीही ठरवून देते. मोठ्या फटीला खोली रुंदीच्या निम्मी धरायची. सहा मिलिमीटरच्या खाली जायचं नाही आणि बारा-तेराच्या वर जायचं नाही. तुमच्याकडे दहा-अकरा मिलिमीटर पुरे. पाच नळ्यांच्या जागी ३०० मिलिलिटरची एक नळी पुरते, हे हिशेब करून बघा.

दोरी आत ढकलायला स्क्रू-ड्रायव्हर किंवा काहीही टोकदार वापरू नका. बंद पेशींचा फोम टोचला गेला की त्यातली हवा हळूहळू बाहेर पडते आणि ताज्या सीलंटवर फोड येतात. मी परांचीवरच्या मिस्त्रींना प्लायवूडचा छोटा तुकडा पायरीसारखा कापून द्यायला सांगते. पायरीचा वरचा भाग भिंतीवर टेकतो, खालचा गोल घासलेला पाय दोरीला नेमका ठरल्या खोलीपर्यंत ढकलतो आणि तिथेच थांबतो. तुकडा फटीवरून सरकवत नेला की दोरी वरपासून खालपर्यंत सारख्या खोलीवर बसते. डोळ्याच्या अंदाजाने ती कधीच सारखी बसत नाही.

त्याआधीचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही तेच आहे. जुनं सिलिकॉन पूर्ण काढा. पात्याने मोठा भाग निघेल, पण काठांवर एक चकचकीत पापुद्रा राहतो. तो खरवडूनच काढायला हवा, कारण जुन्या सिलिकॉनवर दुसरं कोणतंही सीलंट धरत नाही. भिंतीच्या बाजूचा सैल गिलावा तारेच्या ब्रशने झाडा, धूळ ब्लोअरने किंवा कोरड्या ब्रशने काढा. गिलाव्यावर बोट फिरवलं आणि पांढरी भुकटी आली, तर सीलंट त्या भुकटीला चिकटेल, भिंतीला नाही. अशा वेळी त्याच कंपनीचा, त्याच सीलंटसाठीचा प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारा आधीचा पातळ हात, लावा. अ‍ॅल्युमिनियमला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोन फडकी: पहिल्या ओल्या फडक्याने पुसायचं आणि अल्कोहोल उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकच फडकं फिरवलं तर तेलकटपणा फक्त इकडचा तिकडे जातो. भिंत कोरडी हवी. हाताला कोरडी लागते आणि आत ओली असते, असं पावसानंतर फार होतं. दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या.

मग दोन्ही काठांना मास्किंग टेप. नळीचं नाक तिरकं कापा, भोक फटीपेक्षा लहान ठेवा. खालून वर जा आणि नाक दोरीच्या जवळ ठेवा, म्हणजे मागे हवा अडकत नाही. पाच-दहा मिनिटांत, साय धरायच्या आत, गोल कडेच्या पट्टीने ते दाबून घ्या. दाबण्याचा उद्देश दिसणं हा नाही. सीलंट दोन्ही काठांवर रेटलं जाऊन तिथली हवा निघाली पाहिजे. मधे किंचित खोलगट, काठांना जाड, असा आकार आला की काम झालं. पुष्कळजण साबणाच्या पाण्यात बोट बुडवून हात फिरवतात. ते पाणी काठापर्यंत गेलं तर तिथली पकड जाते. कोरडीच पट्टी वापरा. टेप लगेच काढा, सीलंट ओलं असतानाच.

वेळ निवडताना भर उन्हाची टाळा. तापलेल्या चौकटीमुळे त्या वेळी फट सर्वात अरुंद झालेली असते. तेव्हा बसवलेलं सीलंट पुढे कायम ताणातच राहतं. ती भिंत सावलीत असताना, मध्यम हवेत काम करा. नंतर चार-पाच दिवस त्याला हात लावू नका.

आणि फट रुंद आहे म्हणून निराश होऊ नका. सीलंटवर त्याची हालचाल सोसण्याची ताकद टक्क्यांत लिहिलेली असते. २५ टक्क्यांचं सीलंट वीस मिलिमीटरच्या फटीत पाच मिलिमीटर आत-बाहेर सोसतं. तेच चार मिलिमीटरच्या फटीत फक्त एक मिलिमीटर सोसेल. नीट बांधलेला रुंद सांधा हा अरुंद सांध्यापेक्षा जास्त टिकतो.

मग घ्यायचं काय? सिलिकॉन, पीयू की अ‍ॅक्रिलिक? आमच्या पेंटरने सिलिकॉनवर रंग मारला आणि तो सालीसारखा निघाला.

सिलिकॉनवर रंग धरत नाही. पेंटरचा दोष नाही. वरून कितीही हात मारले तरी निघणारच. रंगवायच्या भिंतीत पॉलियुरेथेन म्हणजे पीयू सीलंट घ्या किंवा हायब्रिड, ज्यावर एमएस पॉलिमर लिहिलेलं असतं. दोन्ही काँक्रीटला आणि गिलाव्याला चांगली धरतात आणि दोन्हींवर रंग बसतो. पीयू उघड्या उन्हात पावडरीसारखं पांढरट पडत जातं, त्यामुळे त्यावर रंग हवाच, तोही ताणला जाणारा. कडक रंग मारला तर सीलंट शाबूत आणि रंगाला भेगा, असं दिसतं. काच आणि धातू यांच्या मधे, जिथे रंग लागणारच नाही, तिथे सिलिकॉनसारखं उन्हाला टिकणारं दुसरं नाही. हव्या त्या रंगाचंच घ्यावं.

सिलिकॉन घेताना एक गोष्ट तपासा. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. सिमेंट, संगमरवर आणि जस्ताचा मुलामा यांना ते आम्ल खातं आणि पकड सुटते. बाहेरच्या भिंतीला न्यूट्रल क्युअर लिहिलेलं, म्हणजे वाळताना हे आम्ल न सोडणारं, सिलिकॉनच लावा. नळीवरची मुदतही बघा. मुदत उलटलेला माल नीट वाळतच नाही.

अ‍ॅक्रिलिक पाण्यात कालवलेलं असतं. पाणी उडालं की ते आकसतं, आणि ताजं असताना पाऊस आला तर वाहून जातं. घरातल्या चौकटीच्या केसाएवढ्या फटीला ते उत्तम आहे. बाहेरच्या मोठ्या फटीला मी ते कधीच सुचवणार नाही.

ताई, एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक फोमच्या स्प्रेने भरून घेतलं होतं. बाहेरून तो पिवळा फोम आता तपकिरी झालाय, हात लावला की भुगा पडतो. आणि मला खात्री आहे, उंदीर तिथूनच येतात.

तुमची शंका रास्त आहे. घरातल्या लहान उंदराला सहा-सात मिलिमीटरची जागा पुरते, आणि फोम तो सहज कुरतडतो. फोमचा दोष इतकाच की त्याला उघडं सोडलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो आधी गडद होतो, मग ठिसूळ, मग भुगा. आत पोकळी भरायला आणि हवा अडवायला तो चांगला. पाणी आणि ऊन झेलायला नाही.

सगळा काढता येत असेल तर उत्तम. भोकात प्लास्टिकच्या नळाचा तुकडा बसवा, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन, म्हणजे आलेलं पाणी बाहेरच जाईल. त्या नळाभोवतीची जागा सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने भरा. ती जागा हलत नाही, तेव्हा तिथे सीलंटची गरजच नाही. नळाच्या आत, पाइप आणि वायर यांच्या भोवती, स्टेनलेस स्टीलची जाळी गोळा करून घट्ट कोंबा. साधी लोखंडी तारघास नको, ती गंजते आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात. तोंडाला सीलंट. पाइप आत शिरण्याआधी त्याला खाली झोळ द्या, म्हणजे त्याच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल आणि भोकापर्यंत पोचणार नाही.

पूर्ण फोम काढणं शक्य नसेल तर बाहेरून दोन सेंटिमीटर आतपर्यंत तो कापा आणि ती खाच सिमेंटने बंद करा. खिडकीच्या चौकटीभोवती फोम मारायचा असेल तेव्हा कमी फुगणारा घ्या. साधा फोम फुगताना चौकटीला आत ढकलतो आणि मग झडप अडकते.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग खाली गेली आहे, बाहेरून आणि आतूनही दिसते. सीलंट भरलं तर चालेल का?

आत्ता भरू नका. तिरकी आणि भिंतीच्या आरपार गेलेली भेग भिंत हलतेय असं सांगते, आणि ती हालचाल थांबली आहे की चालू आहे हे कळल्याशिवाय तिला झाकणं धोक्याचं आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेग ओलांडून दोन बारीक खुणा करा आणि त्यांच्यातलं अंतर मोजून ठेवा. दर महिन्याला मोजा. ऊन, थंडी, पाऊस, तिन्ही हवा त्यात येऊ द्या. अंतर वाढत असेल, भेग पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, दारं अडकायला लागली असतील किंवा भेगेतून गंजाचे ओघळ येत असतील, तर यांतल्या कुठल्याही एका गोष्टीवर थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंज म्हणजे आतली सळई फुगतेय. बाहेरून सीलंट लावून ते थांबत नाही.

भेग स्थिर निघाली तर तिला इंग्रजी व्ही आकारात दहा-बारा मिलिमीटर रुंद खोदून, झाडून, पीयू भरता येईल. केसाएवढ्या भेगेवर नुसता बोटाने फासलेला थर पहिल्याच उन्हात चिरतो.

नवीन खिडक्यांच्या खालच्या पट्टीत बाहेरून बारीक आडवी छिद्रं आहेत. त्यांतून पाणी येईल या भीतीने कामगाराने तीही सीलंटने बुजवली. आता पावसात खिडकीच्या रुळात पाणी साचून खोलीत सांडतं.

आजच ती छिद्रं उघडा. रुळात पडलेलं पाणी बाहेर जायची तीच वाट आहे. विटांच्या भिंतीच्या खालच्या थरात ठेवलेली उभी मोकळी दर्ज, बाहेरच्या फळ्यांच्या एकावर एक आलेल्या कडेची खालची बाजू, खिडकीवरच्या पत्र्याची खालची कड, हे सगळं मोकळंच ठेवायचं असतं. सीलंट लावण्याआधी दर वेळी स्वतःला विचारा की इथून पाणी आत येतं की बाहेर जातं. वाट बंद झाली तर आलेलं पाणी भिंतीतच मुरतं, आणि ते बाहेरून दिसायला फार उशीर होतो.

वाढवलेल्या व्हरांड्याचं छप्पर आणि जुनी भिंत यांच्यात सहा-सात सेंटिमीटरची फट आहे. सर्वात जाड बॅकर रॉड घालून सीलंट भरावं का?

नाही. चार सेंटिमीटरच्या पुढे मी सीलंटच्या भरवशावर राहू देत नाही. ताजं असताना ते स्वतःच्या वजनानेच ओघळतं. शिवाय तुमचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी बांधलेले आहेत, ते स्वतंत्रपणे खचणार आणि हलणार. तिथे पत्र्याची झालर हवी. भिंतीत, छपराच्या वर, दोन-अडीच सेंटिमीटर खोल आडवी खाच कापून पत्र्याची वरची कड तिच्यात अडकवायची आणि तो पत्रा फट ओलांडून छपरावर निदान दहा-पंधरा सेंटिमीटर उतरू द्यायचा. खालची कड छपराला खिळू नका, नाहीतर हालचाल पत्र्यालाच फाडेल. सीलंट फक्त वरच्या खाचेत, तिथे ते दहा मिलिमीटर पुरतं. पाणी पत्र्यावरून जाईल आणि फट तशीच राहिली तरी कोरडी राहील.

चौकटीभोवती एवढी फट असेल तर मात्र पत्र्याऐवजी भिंतीचा काठ पुढे आणा: विटेचे तुकडे आणि पॉलिमर घातलेलं सिमेंट वापरून फट दोन सेंटिमीटरवर आणा, ते पूर्ण वाळू द्या, आणि मग पहिल्या उत्तरातली पद्धत.

कामगाराने केलेलं काम नीट झालंय हे बाहेरून कसं ओळखायचं? दिसायला तर सगळंच गुळगुळीत दिसतं.

गुळगुळीतपणावरून काहीच कळत नाही. दोन-तीन आठवडे वाळू द्या. मग एखादी कमी दिसणारी जागा निवडून धारदार पात्याने सीलंट आडवं कापा. त्या कापापासून दोन्ही काठांलगत पाच-सात सेंटिमीटर लांबीचे उभे छेद द्या, म्हणजे एक जीभ सुटी होईल. ती चिमटीत धरून भिंतीशी काटकोनात सावकाश ओढा. जीभ चांगली लांबून छेदाच्या टोकाशी स्वतःमधेच तुटली, तर पकड पक्की आहे. ती काठापासून पापुद्र्यासारखी स्वच्छ सुटत गेली तर काठ नीट साफ झालेला नाही किंवा प्रायमर लागलेला नाही. सुटलेल्या बाजूवर धूळ आहे का बघा, ती बहुतेक वेळा दिसतेच. जिभेच्या मागे फोमची दोरी आहे का आणि थर किती जाड आहे, हेही तेव्हाच मोजून घ्या. पकड पक्की निघाली तर कापलेली जागा त्याच सीलंटने लगेच भरून घ्या; सुटली तर सगळा सांधा पुन्हा करून द्यायला सांगा, आणि कामाचे पूर्ण पैसे द्यायच्या आधीच ही चाचणी करणार हे कामगाराला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.